बर्बेरीनचा गेलेला पिवळा रंग परत का आला? अल्कलॉइडांच्या ऑक्सिडीकरण-क्षपणाविषयी

प्रश्न एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्याचा आहे. थोडक्यात असा: दारुहळदीच्या मुळातून काढलेलं एक ग्रॅम बर्बेरीन क्लोराइड मिथेनॉलमध्ये घेतलं आणि त्यात शंभर मिलिग्रॅम सोडियम बोरोहायड्राइड एकदम टाकलं. गर्द पिवळा रंग काही मिनिटांत फिका पडला. रोटावर (निर्वातात द्रावक उडवणाऱ्या यंत्रावर) साठ अंशाला मिथेनॉल उडवलं, उरलेला फिकट पदार्थ उघड्या बीकरमध्ये रात्रभर ठेवला, तर सकाळी तो पुन्हा पिवळा. टीएलसीवर (मिश्रणातले पदार्थ ठिपक्यांच्या रूपात वेगळे करणाऱ्या सिलिकाच्या प्लेटवर) एकाऐवजी तीन-चार ठिपके. पोलॅरिमीटरवर (पदार्थ ध्रुवित प्रकाश किती वळवतो ते मोजणाऱ्या उपकरणावर) वाचन शून्य, आणि गाईड म्हणतात की कॅनाडिन, म्हणजे पूर्ण क्षपण झालेलं बर्बेरीन, झालं असतं तर शून्य आलं नसतं. शिवाय हीच कृती पुढे सर्पगंधेतल्या रिसर्पिनवर किंवा क्विनीनवर चालेल का, असंही विचारलंय.

आधी सरळ उत्तर. तुमची रिअ‍ॅक्शन फसलेली नाही, अर्ध्यावर थांबलेली आहे. बीकरमध्ये तीन पदार्थांची सरमिसळ आहे: थोडं मूळ बर्बेरीन, बरंचसं डायहायड्रोबर्बेरीन आणि थोडं टेट्राहायड्रोबर्बेरीन. मधला पदार्थ हवेत टिकत नाही. रात्रभरात त्यानेच हायड्रोजन गमावून पुन्हा बर्बेरीनचं रूप घेतलं. शून्य वाचनाबद्दल तुमचे गाईड अर्धे बरोबर आहेत, त्याकडे पुढे येतो.

आता असं का होतं ते. अल्कलॉइड (वनस्पतीतलं नायट्रोजनयुक्त संयुग) हातात आला की मी पहिली गोष्ट बघतो ती नायट्रोजनची. त्याची मोकळी इलेक्ट्रॉन-जोडी कुठे आहे? ती मोकळी असेल तर ऑक्सिडीकारक (इलेक्ट्रॉन काढून घेणारा) आधी तिच्याकडे धावतो. ती शेजारच्या कार्बनशी दुहेरी बंधात अडकून नायट्रोजनवर धनभार आलेला असेल, तर तो शेजारचा कार्बन इलेक्ट्रॉनांना भुकेला असतो आणि क्षपणकारक (इलेक्ट्रॉन देणारा) तिथे बसतो. ती जोडी अमाइडच्या कार्बोनिलकडे ओढली गेली असेल, तर नायट्रोजन जवळजवळ निष्क्रिय धरायचा आणि रेणूत दुसरीकडे लक्ष द्यायचं. पुस्तकात अभिकर्मकांची यादी पाठ करून घेतात, त्यापेक्षा हा एक प्रश्न जास्त कामाचा आहे. अभिकर्मक नंतर निवडता येतो.

बर्बेरीनमध्ये नायट्रोजन चतुर्थक आहे, त्यावर कायमचा धनभार आहे. तो सुगंधी कड्यात बसलेला आहे आणि त्याच्या एका बाजूला सी-८ हा कार्बन आहे. बर्बेरीनचा पिवळा रंग येतो तो या धनभारित कड्यापासून दोन्ही टोकांच्या बेन्झीन कड्यांपर्यंत पसरलेल्या सलग संयुग्मनामुळे (एकाआड एक दुहेरी बंधांच्या साखळीमुळे). बोरोहायड्राइडमधला हायड्राइड (ऋणभारित हायड्रोजन) सी-८ वर येऊन बसला की नायट्रोजनला त्याची इलेक्ट्रॉन-जोडी परत मिळते, धनभार जातो आणि रंग फिका पडतो. हे झालं डायहायड्रोबर्बेरीन. पण आता ती परत मिळालेली जोडी सी-१३ आणि सी-१४ मधल्या दुहेरी बंधाला लागून आहे. अशा रचनेला इनॅमाइन म्हणतात, आणि इनॅमाइन म्हणजे इलेक्ट्रॉनांनी भरून वाहणारी गोष्ट. तिचे इलेक्ट्रॉन घ्यायला कुणीही चालतं, हवेतला ऑक्सिजनसुद्धा. वर परत जाताना पूर्ण सुगंधी कडं मिळतं, म्हणजे ओढ दोन्ही बाजूंनी आहे. उजेड आणि सिलिका या दोन्ही गोष्टी ती ओढ वाढवतात.

दुसरी पायरी वेगळी आहे आणि गोची तिथेच होते. डायहायड्रोबर्बेरीनवर दुसरा हायड्राइड थेट बसत नाही, कारण तिथे धनभारच उरलेला नाही. आधी इनॅमाइनच्या सी-१३ वर एक प्रोटॉन बसावा लागतो. मग सी-१४ आणि नायट्रोजन यांच्यामध्ये इमिनियम (दुहेरी बंध आणि नायट्रोजनवर धनभार) तयार होतं आणि त्यावर दुसरा हायड्राइड येतो. मिळतं ते टेट्राहायड्रोबर्बेरीन, ज्याच्या नैसर्गिक डाव्या रूपाला कॅनाडिन म्हणतात. म्हणजे दुसऱ्या पायरीसाठी प्रोटॉनदाता हवा. मिथेनॉल तो देतं, पण जपून देतं, कारण बोरोहायड्राइड संपत जातो तसं द्रावण अल्कधर्मी होत जातं. तिकडे मिथेनॉल स्वतःच बोरोहायड्राइड खात असतं. तुम्हाला फ्लास्कमध्ये जे फसफसताना दिसलं तो हायड्रोजन होता, वाया चाललेला हायड्राइड. हिशोब करून बघा: एक ग्रॅम बर्बेरीन क्लोराइड म्हणजे साधारण २.७ मिलिमोल आणि शंभर मिलिग्रॅम बोरोहायड्राइड म्हणजेही जवळपास तेवढेच. कागदावर एका बोरोहायड्राइडमध्ये चार हायड्राइड असतात, म्हणजे दुप्पट माल. पण खोलीच्या तपमानाला मिथेनॉलमध्ये एकदम टाकला तर त्यातला मोठा भाग कामाला लागायच्या आतच उडून जातो. बर्बेरीन क्लोराइड गार मिथेनॉलमध्ये नीट विरघळतही नाही, त्यामुळे काही कण शेवटपर्यंत तसेच राहतात.

यातून दोन वेगळ्या कृती निघतात, आणि कोणता पदार्थ हवा ते आधी ठरवावं लागतं.

टेट्राहायड्रो हवं असेल तर मिथेनॉलच वापरा, पण बर्फात. एक ग्रॅमला तीसेक मिलिलिटर मिथेनॉल, अडीचशे ते तीनशे मिलिग्रॅम बोरोहायड्राइड, चिमटी-चिमटीने अर्ध्या तासात. रंग गेला म्हणजे काम झालं असं समजू नका, रंग पहिल्या पायरीतच जातो. मी शेवटी अ‍ॅसेटिक आम्लाचे मोजके थेंब सावकाश घालतो आणि मग बोरोहायड्राइडची आणखी एक चिमूट. आम्लाने उरलेलं इनॅमाइन इमिनियममध्ये जातं, आणि ते क्षपण होऊन संपतं. फ्लास्क बंद करायचा नाही, शेजारी बर्नर नको, आणि आम्लात बोरोहायड्राइड ओतायचा नाही. क्रम उलटा झाला की हायड्रोजन एकदम सुटतो. नंतर गार पाणी घातलं की पांढरट घन बाहेर पडतो. गाळा, पाण्याने धुवा, इथेनॉलमधून पुन्हा स्फटिक करा. जुन्या लोकांनी हेच काम जस्त आणि आम्ल वापरून केलं आहे, आणि प्लॅटिनम ऑक्साइडवर हायड्रोजन देऊनही होतं. कॉलेजच्या प्रयोगशाळेत मात्र बोरोहायड्राइड सगळ्यात सोपा.

डायहायड्रो हवं असेल तर प्रोटॉनदाताच काढून टाका. पिरिडीनमध्ये बोरोहायड्राइड घातला की गाडी पहिल्या स्टेशनावरच थांबते, कारण सी-१३ ला प्रोटॉन द्यायला कुणी नाही. पिरिडीनचा वास नको असेल तर दुसरी पद्धत: मिथेनॉलमध्ये पोटॅशियम कार्बोनेट घालून वातावरण अल्कधर्मी ठेवायचं, आणि बोरोहायड्राइड सौम्य सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये विरघळवून थेंब-थेंब सोडायचा. डायहायड्रो जसं बनतं तसं गाळ होऊन खाली बसतं, आणि द्रावणातून बाहेर पडल्यामुळे पुढे क्षपण व्हायची संधीच कमी होते. गाळणं झटपट करा, नायट्रोजनखाली असेल तर उत्तम. वाळवणं निर्वात डेसिकेटरमध्ये, अंधारात. साठवण फ्रीझरमध्ये. रोटावर साठ अंशाला तापवणं या पदार्थाला अजिबात मानवत नाही.

गंमत म्हणजे आपल्या आतड्यात हीच ये-जा चालते. बर्बेरीन धनभारित असल्यामुळे आतड्यातून फारच थोडं शोषलं जातं. २०१५ मध्ये चिनी संशोधकांनी दाखवलं की आतड्यातले जिवाणू त्याचं डायहायड्रोबर्बेरीन करतात, ते भित्तीतून आत शिरतं आणि आत गेल्यावर पुन्हा ऑक्सिडाइज होऊन बर्बेरीन होतं. तुमच्या बीकरमध्ये रात्रभरात झालं तेच.

आता टीएलसीच्या ठिपक्यांबद्दल, कारण इथे मुलं हमखास फसतात. बर्बेरीन हे लवण आहे. साध्या सिलिकावर हेक्झेन-इथाइल अ‍ॅसिटेटमध्ये ते बुडाशीच बसून राहतं. ३६६ नॅनोमीटरच्या दिव्याखाली झगझगीत पिवळं दिसतं, त्यामुळे अगदी थोडं असलं तरी खूप असल्यासारखं वाटतं. डोळ्यांवर विश्वास ठेवून प्रमाण ठरवू नका. त्याला हलवायचं तर ब्युटेनॉल, अ‍ॅसेटिक आम्ल, पाणी अशी व्यवस्था लागते. दुसरं, डायहायड्रोबर्बेरीन प्लेटवर चालता-चालताच ऑक्सिडाइज होतं. हे ओळखायचा एक जुना उपाय आहे: चौकोनी प्लेटच्या कोपऱ्यात एकच ठिपका द्या, एकदा चालवा, वाळवा, प्लेट नव्वद अंशांत फिरवा आणि त्याच द्रावकात पुन्हा चालवा. जे पदार्थ टिकाऊ आहेत ते कर्णरेषेवर पडतात. कर्णाबाहेर ठिपका दिसला तर तो पदार्थ तुमच्या फ्लास्कमध्ये नव्हता, प्लेटवर तयार झाला. पंधरा-वीस मिनिटांचं काम आहे आणि त्याने आठवडाभराचा गोंधळ वाचतो.

चौथा ठिपका कशाचा असेल यावर माझा एक संशय आहे. काचसामान अ‍ॅसिटोनने धुऊन नीट वाळवलं नव्हतं का? अल्कधर्मी वातावरणात अ‍ॅसिटोन सी-८ वर जाऊन चिकटतं, हायड्राइड बसतो त्याच जागी. त्याला ८-अ‍ॅसिटोनिल-डायहायड्रोबर्बेरीन म्हणतात. बर्बेरीन शुद्ध करायला ही गोष्ट मुद्दाम वापरतात, कारण ते छान स्फटिकरूपात बाहेर येतं आणि आम्ल दिलं की बर्बेरीन परत सोडतं. पण क्षपणाच्या प्रयोगात ते नको असलेलं पाहुणं. क्लोरोफॉर्म आणि अमोनिया एकत्र वापरून निष्कर्षण केलं तर क्लोरोफॉर्मचीही अशीच जोड तयार होते. आणि तापवून तीव्र अल्कली दिलं तर आणखी मजा: बर्बेरीनचे दोन रेणू एकमेकांत देवघेव करतात, एक क्षपण होऊन डायहायड्रो होतो, दुसरा ऑक्सिडाइज होऊन ऑक्सिबर्बेरीन होतो. बाहेरून काही न घालता. म्हणून वर्कअपमध्ये (रिअ‍ॅक्शननंतर पदार्थ वेगळा काढताना) अल्कली जपून वापरा.

मास स्पेक्ट्रममध्ये, म्हणजे रेणूंच्या वस्तुमानाच्या मोजणीत, हे सगळं स्वच्छ वेगळं दिसतं. बर्बेरीन ३३६ ला, डायहायड्रो ३३८ ला, टेट्राहायड्रो ३४० ला, ऑक्सिबर्बेरीन ३५२ ला आणि अ‍ॅसिटोनची जोड ३९४ ला. मात्र डायहायड्रो मशीनच्या आतही हायड्रोजन गमावू शकतं, त्यामुळे ३३६ दिसलं म्हणून लगेच नमुना अशुद्ध ठरवू नका. एनएमआर (प्रत्येक हायड्रोजनची वेगळी रेघ दाखवणारी चाचणी) जास्त बोलका. बर्बेरीनचा सी-८ वरचा हायड्रोजन ९.९ पीपीएमच्या आसपास एकटा उभा असतो, इतक्या दूर की चुकायची सोय नाही. सी-१३ वरचा ८.९ च्या सुमारास. डायहायड्रोमध्ये पहिला गायब होतो, त्याच्या जागी ४.३ च्या आसपास दोन हायड्रोजनांचा सिंगलेट (एकेरी रेघ) येतो आणि सी-१३ वाला ६ च्या जवळ खाली उतरतो. टेट्राहायड्रोमध्ये तोही जातो, आणि सी-८ चे दोन हायड्रोजन एकमेकांपासून वेगळे होऊन दोन डब्लेट (दुहेरी रेघा) देतात. ड्युटेरेटेड क्लोरोफॉर्ममध्ये आम्लाचा अंश असतो, म्हणून ते कोरड्या पोटॅशियम कार्बोनेटवरून गाळून घ्या.

पोलॅरिमीटरचं शून्य. वनस्पतीत कॅनाडिन एंझाइम बनवतं, म्हणून ते एकाच हाताचं असतं आणि प्रकाश चांगलाच डावीकडे वळवतं. तुमच्या फ्लास्कमध्ये सी-१४ चं इमिनियम सपाट आहे. हायड्राइडला वरून यायचं की खालून, हे सांगणारं तिथे कुणी नाही. दोन्ही हातांचे रेणू सारखे बनतात आणि वाचन शून्य येतं. शुद्ध टेट्राहायड्रोबर्बेरीन असलं तरी शून्यच येणार. म्हणून शून्य हा बिघाडाचा पुरावा नाही, आणि यशाचाही नाही. एकच हात हवा असेल तर टार्टारिक आम्लाच्या जातभाईंसारख्या एकहाती आम्लाबरोबर लवण करून दोन रूपं वेगळी करावी लागतात. झाड मात्र उलट्या दिशेने चालतं: आधी कॅनाडिन, आणि शेवटच्या पायरीला एंझाइम ते ऑक्सिडाइज करून बर्बेरीन करतं. आपण जे क्षपण करतो ती झाडाची वाट उलटी चालणं आहे.

टेट्राहायड्रोवरून परत बर्बेरीनकडे जायचं असेल तर हवेच्या भरवशावर राहू नका. ते इनॅमाइन नाही, त्यामुळे हवेत बऱ्यापैकी टिकतं. इथेनॉलमध्ये आयोडीन आणि सोडियम अ‍ॅसिटेट घालून रिफ्लक्स करा (वाफ थंड करून परत सोडत उकळा). चार इलेक्ट्रॉन काढायचे म्हणजे आयोडीनचे दोन रेणू: एक ग्रॅमला साधारण दीड ग्रॅम. जास्त झालं तर तपकिरी पॉलिआयोडाइड बसतं, ते थायोसल्फेटने साफ होतं. खाली पिवळं बर्बेरीन आयोडाइड मिळतं, क्लोराइड नाही. वजनाचा हिशोब करताना ही गोष्ट विसरू नका.

याच कामाला पूर्वी मर्क्युरिक अ‍ॅसिटेट वापरत. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात नेल्सन लिओनार्ड यांनी १९५० च्या दशकात त्यावर बारकाईने काम केलं. पारा नायट्रोजनच्या मोकळ्या जोडीवर बसतो आणि त्या जोडीच्या नेमक्या उलट दिशेला असलेला शेजारच्या कार्बनवरचा हायड्रोजन निघून जातो. तसा हायड्रोजन नसेल तर रिअ‍ॅक्शन रेंगाळते. त्यात मर्क्युरस अ‍ॅसिटेटचे पांढरे चकचकीत पापुद्रे खाली बसतात. ते गाळून वजन केलं की किती ऑक्सिडीकरण झालं याचा आकडा हातात येतो. स्पेक्ट्रोमीटर दुर्मिळ होते तेव्हा ही फार मोठी सोय होती. आज एम.एस्सी.च्या मुलाने पारा हाताळू नये असं माझं स्पष्ट मत आहे, पण हे तत्त्व समजून घ्या, कारण रिसर्पिनचं सगळं रामायण त्याच्यावर उभं आहे.

तर रिसर्पिन. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये उच्च रक्तदाबावर सर्पगंधेचे निष्कर्ष छापले आणि जगाचं लक्ष या मुळाकडे गेलं. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या सीबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी त्यातून रिसर्पिन वेगळं केलं. त्यातला कळीचा कार्बन सी-३. तो एका बाजूला इंडोल कड्याला आणि दुसऱ्या बाजूला तृतीयक नायट्रोजनला चिकटलेला. त्या सी-३ वरचा हायड्रोजन काढला की नायट्रोजनशी इमिनियम तयार होतं, ते इंडोलशी संयुग्मित होतं आणि पदार्थ पिवळा पडून हिरवट चमकू लागतो. हे ३,४-डिहायड्रोरिसर्पिन. रिसर्पिनचं द्रावण उजेडात ठेवलं तर आपोआप हेच होतं, आणि सोडियम नायट्राइट आम्लात घालून मुद्दाम केलं की ३९० नॅनोमीटरच्या आसपास मोजता येतं. औषधाच्या मोजणीची जुनी पद्धत तीच. म्हणजे एका ठिकाणी जी खराबी, तीच दुसऱ्या ठिकाणी मोजपट्टी.

आता त्या इमिनियमवर तुमचा बोरोहायड्राइड घातला तर काय होईल? क्षपण होईल, रंग जाईल, पण रिसर्पिन परत मिळेलच असं नाही. बर्बेरीनच्या सपाट रेणूत हायड्राइडला दोन्ही बाजू सारख्या होत्या. इथे रेणू वाकडातिकडा आहे, एक बाजू मोकळी आणि एक अडचणीची. हायड्राइड मोकळ्या बाजूने येतो आणि मिळतं ते आयसोरिसर्पिनच्या (सी-३ ची दिशा उलट असलेल्या रिसर्पिनच्या) घडणीचं. १९५६ मध्ये अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ वुडवर्ड यांनी रिसर्पिन प्रयोगशाळेत बनवलं तेव्हा नेमकी हीच अडचण आली. बोरोहायड्राइडने सी-३ चुकीच्या बाजूचा मिळाला. मग त्यांनी रेणूच्या दुसऱ्या टोकाला लॅक्टोनचा (कड्यात बंद झालेल्या एस्टरचा) पूल बांधून त्याला जबरदस्तीने वाकवलं, इतकं की चुकीची घडण अवघडलेली आणि बरोबर घडण आरामाची झाली, आणि पिव्हॅलिक आम्लात तापवून सी-३ उलटवला. मर्क्युरिक अ‍ॅसिटेटलाही हा फरक कळतो: आयसोरिसर्पिन चटकन ऑक्सिडाइज होतं, रिसर्पिन रेंगाळतं.

शिवाय रिसर्पिनमध्ये दोन एस्टर आहेत. अल्कधर्मी मिथेनॉलमध्ये त्यांनाही धोका, आणि लिथियम अ‍ॅल्युमिनियम हायड्राइड तर दोन्ही तोडून टाकेल. म्हणून उत्तर: नाही, तीच कृती उचलून रिसर्पिनवर लावू नका.

क्विनीनमध्ये चित्र वेगळं. दोन नायट्रोजन आहेत, पण दोन्हींपैकी एकावरही धनभार नाही, त्यामुळे बोरोहायड्राइडला तिथे करण्यासारखं काहीच नाही. तुम्ही पुडी रिकामी केलीत तरी क्विनीन तसंच राहील. क्षपण करायचं तर व्हाइनिल गटाचं, पॅलेडियम-कार्बनवर हायड्रोजन देऊन. त्यातून डायहायड्रोक्विनीन मिळतं, जे सिंकोनाच्या सालीत थोडंफार आधीच असतं. हे फालतू वाटेल, पण शार्पलेस यांच्या असममित डायहायड्रॉक्सिलेशनमध्ये (ऑस्मियमने दुहेरी बंधावर दोन हायड्रॉक्सिल बसवण्याच्या पद्धतीत) लिगंड, म्हणजे धातूला धरून राहणारा रेणू, म्हणून डायहायड्रोक्विनीनच का वापरतात याचं उत्तर त्यातच आहे: व्हाइनिल तसाच ठेवला तर ऑस्मियम लिगंडलाच ऑक्सिडाइज करू लागेल. परमँगनेट तर तो व्हाइनिल तोडून आम्लच करतं.

क्विनीनचं ऑक्सिडीकरण म्हणजे मधल्या दुय्यम अल्कोहोलचं कीटोन, क्विनिनोन. इथे क्रोमिक आम्ल आंधळेपणाने वापरू नये. बेन्झोफिनोन आणि पोटॅशियम टर्शरी-ब्युटॉक्साइड वापरून ओपेनॉवर पद्धतीने ते सभ्यपणे होतं, कारण बेन्झोफिनोन फक्त अल्कोहोलमधला हायड्राइड उचलतं, नायट्रोजनच्या वाटेला जात नाही. मात्र कीटोन झालं की शेजारचा सी-८ ढिला पडतो आणि त्याची घडण उलटसुलट होऊ लागते. याचं क्षपण करून क्विनीन परत मिळवणं हा रसायनशास्त्रातला एक प्रसिद्ध वाद आहे. राबे आणि किंडलर यांनी १९१८ मध्ये सांगितलं की क्विनोटॉक्सिनवरून (क्विनीनचं एक कडं उघडलेल्या संयुगावरून) क्विनिनोन आणि मग अ‍ॅल्युमिनियमच्या भुकटीने क्षपण करून क्विनीन मिळतं. १९४४ मध्ये वुडवर्ड आणि डोअरिंग क्विनोटॉक्सिनपर्यंत पोचले आणि पुढचं राबे यांच्यावर सोपवलं. २००१ मध्ये गिल्बर्ट स्टॉर्क यांनी स्वतः क्विनीन बनवलं आणि राबे यांच्या शेवटच्या टप्प्यावर जाहीर शंका घेतली. अखेर कोलोरॅडो स्टेट विद्यापीठातल्या स्मिथ आणि विल्यम्स यांनी तो टप्पा त्या काळच्या पद्धतीने पुन्हा करून पाहिला आणि २००८ मध्ये छापला. ताजी, चकचकीत अ‍ॅल्युमिनियम भुकटी नीट चालेना. हवेत राहून थोडी ऑक्साइड चढलेली जुनी भुकटी घेतली, तेव्हा क्विनीन मिळालं. नव्वद वर्षांपूर्वीच्या कामावरचा वाद भुकटीच्या डब्याच्या झाकणावर अडला होता. तुमच्या वहीत अभिकर्मकाचा बॅच नंबर आणि डबा कधी उघडला ते लिहा असं मी का सांगतो, ते यावरून कळेल.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. मिरीतल्या पिपेरीनचा नायट्रोजन अमाइडचा, म्हणजे निष्क्रिय. तिथे हायड्रोजन दुहेरी बंधांवर जातो आणि टेट्राहायड्रोपिपेरीन मिळतं. परमँगनेट तीच साखळी तोडतं आणि पिपेरोनाल व पिपेरोनिलिक आम्ल देतं. तंबाखूतल्या निकोटिनवर डायक्रोमेटसारखा जोरदार ऑक्सिडीकारक वापरला तर पिरिडीनचं कडं शाबूत राहतं आणि बाजूचं पिरोलिडीन जळून निकोटिनिक आम्ल उरतं. हूबर यांनी १८६७ मध्ये ते तसंच मिळवलं. सदाफुलीतल्या व्हिनब्लास्टिनचं व्हिन्क्रिस्टिन करणं हे मात्र खरं कसब आहे: एवढ्या मोठ्या रेणूत एका नायट्रोजनवरचा मिथाइल तेवढा फॉर्मिल करायचा, वस्तुमानात फक्त १४ चा फरक. क्रोमिक आम्लानेच करतात, पण उणे साठ अंशांच्या आसपास, नाहीतर बाकीचा रेणू टिकत नाही.

एन-ऑक्साइडबद्दल (नायट्रोजनवर ऑक्सिजन चढलेल्या रूपाबद्दल) एक व्यावहारिक गोष्ट. तृतीयक अमाइन असलेला अल्कलॉइड जुन्या ईथरमध्ये किंवा टीएचएफमध्ये ठेवला तर त्यातली पेरॉक्साइडं नायट्रोजनवर ऑक्सिजन चढवतात. एन-ऑक्साइड पाण्यात विरघळतं, म्हणून क्लोरोफॉर्मने निष्कर्षण करताना ते मागे पाण्यातच राहतं आणि आपल्याला वाटतं उतारा कमी आला. भुरुंडीसारख्या वनस्पतींमधल्या पिरोलिझिडीन अल्कलॉइडांचा मोठा हिस्सा मुळातच एन-ऑक्साइड रूपात असतो. तिथे निष्कर्षणाआधी जस्त आणि सौम्य आम्ल घालून क्षपण करायची जुनी पद्धत आहे. ते अल्कलॉइड यकृताला घातक असतात, हातमोजे घाला. बर्बेरीनला ही भीती नाही, त्याच्या नायट्रोजनकडे द्यायला जोडीच नाही.

आणि हे सगळं कागदी नाही, याचं एक उदाहरण महाराष्ट्रातल्या कुठल्याही पडीक माळावर उगवतं: पिवळा धोतरा. त्याच्या बियांच्या तेलात सँग्विनारिन आणि डायहायड्रोसँग्विनारिन असतं. नातं अगदी बर्बेरीन-डायहायड्रोबर्बेरीनसारखंच, एक धनभारित आणि रंगीत, दुसरं उदासीन आणि जवळपास बिनरंगी. उदासीन असल्यामुळेच दुसरं तेलात सहज मुरतं, आणि उजेडात, उष्णतेत पहिल्यात बदलतं. बिया मोहरीसारख्या दिसतात. १९९८ मध्ये दिल्लीत मोहरीच्या तेलात हीच भेसळ होऊन जलशोथाची साथ आली आणि माणसं मेली.

आता तुमच्या बीकरकडे. तो माल फेकू नका. सगळं गार मिथेनॉलमध्ये घ्या, बर्फात ठेवा, दीडशे मिलिग्रॅम बोरोहायड्राइड चिमटी-चिमटीने घाला, अर्ध्या तासाने अ‍ॅसेटिक आम्लाचे थेंब आणि शेवटची चिमूट. रोटा वापरू नका, गार पाणी ओतून गाळा. अ‍ॅसिटोनची जोड असेल तर ती यातून सुटण्याची खात्री नाही, पण टेट्राहायड्रोचे स्फटिक इथेनॉलमधून काढताना ती बहुतेक मागे राहील. वाळल्यावर दुहेरी टीएलसी करा, कर्णाबाहेर काही नसेल तर थोडा नमुना एनएमआरला द्या आणि ९.९ पीपीएमला काही उभं आहे का ते आधी बघा. पोलॅरिमीटरला या वेळी हात लावायची गरज नाही.